पश्चिम आफ्रिकेची लोककथा आणि फ्रेंचचा वर्ग : एका कृतघ्न मगरीच्या कथेचा ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

फ्रेंच भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वाचनात पश्चिम आफ्रिकेतील प्राणिकथा हमखास येतात. ससा, तरस, मगर, कोळी ही त्यांतील पात्रे सोपी व रंजक असल्यामुळे या कथा भाषाशिक्षणाचे निरुपद्रवी साधन मानल्या जातात. प्रत्यक्षात रात्री शेकोटीभोवती वोलोफ भाषेत सांगितली जाणारी कथा दिवसा शाळेच्या बाकावर फ्रेंचमध्ये वाचली जाऊ लागली, यामागे सुमारे दीडशे वर्षांचा वसाहतवादी इतिहास आहे. सेनेगलचे लेखक बिरागो दिओप यांच्या ‘ल सालेर’ (मोबदला) या कथेच्या आधारे त्या इतिहासाचे टप्पे तपासणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

बीजशब्द : लोककथा, सेनेगल, वोलोफ, फ्रेंच भाषाशिक्षण, वसाहतवाद, बिरागो दिओप, सेंघोर

१. प्रस्तावना

लोककथेला लेखक नसतो, सांगणारा असतो आणि ऐकणारा असतो. सेनेगलच्या वोलोफ समाजात कथा सांगण्याची वेळ रात्रीची. दिवसा कथा सांगणे निषिद्ध मानले जाई. सांगणारी बहुधा घरातील आजी असे किंवा ‘ग्रियो’, म्हणजे वंशावळी, स्तुती आणि कथा पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत ठेवणारा, आपल्याकडील भाटाशी काहीसे साम्य असणारा पारंपरिक कथेकरी. कथेच्या आरंभी निवेदक एक ठरावीक शब्द उच्चारी व श्रोते त्याला ठरावीक प्रतिसाद देत. शेवटी कथा समुद्रात जाऊन पडली असे सांगून तिची समाप्ती होई. आरंभ आणि शेवट या दोहोंनी कथेचा काळ व्यवहाराच्या काळापासून वेगळा केला जाई.

हीच कथा छापील फ्रेंच पाठात येते तेव्हा रात्र, शेकोटी, प्रतिसाद देणारे श्रोते आणि मूळ भाषा हे सारे मागे राहते. उरतो तो कथाभाग, आणि त्याखाली शब्दार्थ व स्वाध्याय. हे स्थित्यंतर कोणी, केव्हा व कशासाठी घडवून आणले, आणि त्यात कथेचे काय झाले, हा येथे विचारात घेतलेला प्रश्न आहे.

२. कथा

अभ्यासासाठी निवडलेली कथा बिरागो दिओप यांच्या १९४७ साली पॅरिस येथे प्रसिद्ध झालेल्या ‘ले कोंत दामादू कुम्बा’ (आमादू कुम्बाच्या कथा) या संग्रहातील आहे. ओढा आटल्याने रानात अडकून पडलेली जासिग नावाची मगर एका मुलाला दिसते. आपल्याला नदीपर्यंत पोहोचवावे, अशी विनंती ती करते. गोने नावाचा तो मुलगा तिला चटईत गुंडाळून, वेलींनी बांधून, डोक्यावर घेऊन संध्याकाळपर्यंत चालतो. नदीकाठी आल्यावर मगर अंग आखडल्याची सबब सांगते आणि आणखी थोडे आत, आणखी थोडे आत, असे म्हणत त्याला खोल पाण्यात नेते. मग ती त्याला धरते. उपकाराची फेड अपकारानेच होते, असे तिचे म्हणणे. या म्हणण्याची शहानिशा करण्यासाठी पाण्यावर येणाऱ्या तिघांना विचारायचे ठरते.

प्रथम म्हातारी गाय येते. दूध दिले, वासरे दिली, आणि आता म्हातारपणी हाकलून दिले, म्हणून मगरीचे खरे, असे ती सांगते. नंतर म्हातारा घोडा येतो. त्याचीही हकिकत तीच. तिसरा येतो ल्योक हा ससा. एवढ्याशा मुलाने एवढी मोठी मगर डोक्यावरून आणली, यावर आपला विश्वास बसत नाही, असे तो म्हणतो. खात्री पटवण्यासाठी मगर पुन्हा चटईत शिरते, मुलगा तिला बांधतो व उचलतो. मग ससा विचारतो : मगर तुमच्या कुळाचे दैवक आहे का? नाही, असे उत्तर येताच तो सांगतो, तर मग हिला घरी ने, सगळ्यांची मेजवानी होईल. उपकार विसरणाऱ्यांना हाच मोबदला.

या कथेत दोन निवाडे आहेत, ही बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. ससा मुलाला वाचवतो. परंतु गाय व घोडा यांनी दिलेली साक्ष तो खोटी ठरवत नाही. माणसाने जनावरांशी केलेली कृतघ्नता कथेत अनुत्तरितच राहते. शिवाय ज्या मुलाने उपकार केला, तोच अखेरीस उपकृत मगरीला शिजवण्यासाठी घरी नेतो. शालेय पाठाला हवे असते तसे एकमुखी तात्पर्य या कथेतून सहजी निघत नाही.

३. प्रशासकांचे संकलन

सेनेगल नदीच्या मुखाशी असलेल्या सें-लुई येथे १८१७ साली जाँ दार या फ्रेंच शिक्षकाने शाळा सुरू केली. मद्रासमधील अनुभवावरून अँड्र्यू बेल यांनी मांडलेल्या पद्धतीशी नाते सांगणारी, विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांना शिकवण्याची परस्पराध्यापन पद्धती तेथे वापरली जाई. दार यांचे वैशिष्ट्य असे, की मुलांना प्रथम वोलोफमध्ये वाचन-लेखन शिकवून मग फ्रेंचकडे वळवावे, हे त्यांचे मत होते. त्यांनी १८२५ मध्ये फ्रेंच-वोलोफ व फ्रेंच-बांबारा कोश आणि १८२६ मध्ये वोलोफ व्याकरण प्रसिद्ध केले. त्यांचा हा मार्ग पुढे सोडून देण्यात आला आणि शाळेची भाषा फ्रेंचच राहिली.

याच सुमारास लोककथेचे पहिले फ्रेंच रूप अवतरले. सेनेगलचे माजी गव्हर्नर जाक-फ्राँस्वा रोजे यांनी १८२८ मध्ये वोलोफ कथांचा पद्य अनुवाद प्रसिद्ध केला. फ्रेंच वाचकाला ला फोंतेन याच्या बोधकथांची सवय होती. रोजे यांनी आफ्रिकी कथेला तोच पोशाख चढवला. विसाव्या शतकाच्या आरंभी वसाहतीतील अधिकारी फ्राँस्वा-व्हिक्तोर एकिल्बेक यांनी मोठा संग्रह तयार केला. १९१३ ते १९१६ या काळात तो तीन खंडांत निघाला. जित लोकांचे मन समजल्याखेरीज त्यांच्यावर राज्य करता येत नाही आणि ते मन कथांत सापडते, ही त्या काळातील संकलनामागची सर्वसाधारण धारणा होती.

या टप्प्यात ‘शिकणारा’ आहे तो फ्रेंच अधिकारी. कथा त्याच्यासाठी माहितीचा साठा आहे. सांगणाऱ्याचा शब्द दुभाष्यामार्फत त्याच्यापर्यंत पोहोचतो आणि कागदावर येईपर्यंत एकदा नव्हे, दोनदा भाषांतरित झालेला असतो.

४. शाळा, सक्ती आणि पाठ्यपुस्तक

१८९५ मध्ये फ्रेंच पश्चिम आफ्रिका या नावाने या प्रदेशातील वसाहतींचा संघ स्थापन झाला. १९०३ मध्ये शिक्षणाची एकसूत्री व्यवस्था आखण्यात आली आणि त्याच वर्षी सें-लुई येथे शिक्षक-प्रशिक्षणाची शाळा निघाली. विल्यम पाँती या गव्हर्नर-जनरलच्या नावाने ती पुढे ओळखली गेली. १९१३ मध्ये ती गोरे बेटावर हलवण्यात आली. गुलामांच्या व्यापाराच्या स्मृतीशी निगडित असलेल्या या बेटावर पश्चिम आफ्रिकेच्या सुशिक्षित वर्गाची एक अख्खी पिढी तयार झाली. १९१२ ते १९१९ या काळात शिक्षण खात्याचे प्रमुख असलेले जॉर्ज आर्दी यांनी १९१७ मध्ये या शिक्षणावर ग्रंथ लिहिला आणि त्याच्या शीर्षकातच शिक्षणाला ‘नैतिक विजय’ म्हटले. शस्त्राने जिंकलेला प्रदेश शाळेने जिंकायचा, हा त्याचा आशय.

शाळेत मातृभाषेला मज्जाव होता. मातृभाषेत बोलताना सापडलेल्या मुलाच्या हाती किंवा गळ्यात एखादी वस्तू दिली जाई. तिला ‘सँबोल’ म्हणत. दुसरा कोणी तसाच चुकताना सापडेपर्यंत ती बाळगावी लागे. परिणामी मुलेच एकमेकांवर पहारा ठेवीत. आयव्हरी कोस्टचे लेखक बेर्नार दादिए यांनी ‘क्लेंब्ये’ (१९५६) या कादंबरीत या प्रथेचे चित्रण केले आहे.

अशा शाळेत लोककथेला जागा मिळाली, हे वरकरणी विसंगत वाटते. तथापि त्यामागे व्यवहार होता. फ्रान्समधील ऋतू, गावे व सण यांवरचे धडे आफ्रिकी मुलाला उमगत नसत. वाचन शिकवायचे तर त्याच्या परिचयाचे विषय हवेत, हे शिक्षकांच्या ध्यानी आले. १९१६ मध्ये लुई सोनोले व ए. पेरेस यांचे ‘मुसा ए जी-ग्ला’ हे वाचनपुस्तक निघाले. त्यात दोन आफ्रिकी मुले एका गोऱ्या व्यापाऱ्यासोबत प्रवास करतात आणि वसाहतीची ‘उपकारक’ व्यवस्था पाहतात. १९३० च्या दशकात आंद्रे दाव्हेन यांच्या ‘मामादू ए बिनेता’ या वाचनमालेने फ्रेंच आफ्रिकेतील शाळा व्यापल्या. आफ्रिकी नावे, आफ्रिकी गाव आणि भाषा मात्र फ्रेंच, हा साचा तेथे पक्का झाला. ‘शिकणारा’ आता बदलला होता. मूल स्वतःच्याच घरची गोष्ट परक्या भाषेत, परीक्षेसाठी शिकू लागले.

५. दिओप, साजी आणि सेंघोर

या साच्यातूनच त्याला उत्तर देणारे लेखक पुढे आले. बिरागो दिओप (१९०६–१९८९) यांचा जन्म दाकारजवळील वाकाम येथील. फ्रान्समधील तुलूझ येथे त्यांनी पशुवैद्यकाचे शिक्षण घेतले आणि फ्रेंच सुदानात, म्हणजे आजच्या मालीत, गुरांच्या पाहणीसाठी ते दूरवर हिंडले. दुसऱ्या महायुद्धात ते जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये अडकून पडले आणि त्या काळात त्यांनी आपल्या कथा लिहून काढल्या. आपण लेखक नव्हे, घरच्या ग्रियोकडून, आमादू कुम्बाकडून, ऐकलेल्या कथांचे केवळ भाषांतरकार आहोत, अशी भूमिका त्यांनी घेतली. मोहामादू कान या अभ्यासकाने १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मात्र पारंपरिक कथेपासून आधुनिक फ्रेंच कथेपर्यंतचा त्यांचा प्रवास उलगडला आणि त्यांतील वर्णन, विनोद व रचना यांत लेखकाचा हात किती मोठा आहे, हे दाखवून दिले.

१९५३ मध्ये ‘ला बेल इस्त्वार द ल्योक-ल-लिएव्र’ (ल्योक सशाची सुंदर गोष्ट) हे प्राथमिक शाळेसाठी लिहिलेले वाचनपुस्तक पॅरिसमधील आशेत या प्रकाशनसंस्थेने काढले. अब्दुलाय साजी (१९१०–१९६१) व लिओपोल्द सेदार सेंघोर (१९०६–२००१) हे त्याचे लेखक. साजी हे पाँती शाळेत तयार झालेले शिक्षक. तर सेंघोर हे फ्रेंच व्याकरणाची ‘आग्रेगासियों’ ही सर्वोच्च अध्यापन-परीक्षा १९३५ मध्ये उत्तीर्ण झालेले कवी. आफ्रिकी मुलाला आधी त्याच्या भाषेत शिकवावे, अशा अर्थाचा द्विभाषिक शिक्षणाचा विचार सेंघोर यांनी १९३७ मध्येच दाकार येथील व्याख्यानात मांडला होता. त्यांच्या पुस्तकात ऐंशीहून अधिक लहान पाठ आहेत. सुट्या कथा एका सूत्रात गुंफून सशाचे सलग चरित्र रचलेले आहे. सर्वांत लहान, तरी सर्वांत बुद्धिमान असा ससा आणि त्याचा हावरा, बुद्दू प्रतिस्पर्धी बुकी तरस यांच्यातून मुलांना वसाहतीच्या पुस्तकात न भेटलेला नायक मिळाला. तो गोऱ्या माणसाच्या मागे चालणारा नाही. आपल्या अकलेने जगणारा आहे.

दादिए यांच्या ‘ल पान्य न्वार’ (काळे वस्त्र, १९५५) या संग्रहाने याच काळात आयव्हरी कोस्टच्या काकू अनान्झे या कोळ्याला फ्रेंच वाचकांसमोर आणले. दादिए हेही पाँती शाळेचेच विद्यार्थी होते.

६. कथेची फ्रेंच : भाषिक विचार

भाषाशिक्षणाच्या दृष्टीने या कथांचे यश त्यांच्या रचनेत आहे. ‘ल सालेर’मध्ये एकच प्रश्न तीनदा विचारला जातो. पाण्यात खोल जाण्याचा प्रसंगही पायरीपायरीने, जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा येतो. मौखिक परंपरेत पुनरुक्ती ही स्मरणासाठी व श्रोत्याला सामील करून घेण्यासाठी असते. भाषेच्या वर्गात तिचाच उपयोग वाक्यरचना पक्की करण्यासाठी होतो. संवाद लहान असतात, क्रियापदे हालचालीची असतात आणि कथनासाठी लागणारे फ्रेंच भूतकाळ येथे त्यांच्या नैसर्गिक जागी भेटतात.

त्याहून महत्त्वाची बाब पात्रांच्या नावांची. दिओप यांच्या कथेत मगर ही नुसती मगर नसते. ती ‘जासिग-ल-काइमाँ’ असते. वोलोफमध्ये जासिग म्हणजे मगर आणि फ्रेंचमध्ये काइमाँ म्हणजेही मगरच. मुलगा ‘गोने-लाँफाँ’ आहे. गोने म्हणजे मूल, आँफाँ म्हणजेही मूल. ससा, गाय व घोडा यांचीही नावे त्या त्या प्राण्यांचे वोलोफ शब्दच आहेत. प्रत्येक नाव म्हणजे दोन ओळखी शेजारी ठेवणारा एक छोटासा कोश होय. ज्या शाळेत वोलोफ शब्द उच्चारला तर ‘सँबोल’ गळ्यात पडे, तेथील वाचनपुस्तकाच्या मुखपृष्ठावर १९५३ मध्ये ‘ल्योक’ हा वोलोफ शब्द छापला गेला, याचे महत्त्व साधे नाही. बुकी हे नाव तर गुलामांबरोबर अटलांटिक ओलांडून हैती व लुइझियाना येथील कथांतही पोहोचले होते. दप्तरी नोंदी जेथे माणसांची मूळ नावे पुसून टाकीत होत्या, तेथे एका तरसाचे नाव टिकून राहिले.

शीर्षकाचाही विचार करावयास हवा. ‘सालेर’ या फ्रेंच शब्दाचा रूढ अर्थ पगार असा आहे. फ्रान्ससाठी लढून परतलेल्या आफ्रिकी सैनिकांनी थकलेल्या वेतनाची मागणी केली असता १ डिसेंबर १९४४ रोजी दाकारजवळील थियारोय येथील छावणीत फ्रेंच सैन्याने त्यांच्यावर गोळीबार केला. कथेत या घटनेचा उल्लेख नाही आणि ती तिच्यावरून रचली असे म्हणण्यास आधार नाही. कथा त्याहून कितीतरी जुनी आहे. तथापि १९४७ मध्ये दाकारच्या वाचकापुढे आयुष्यभर राबून हाकलला गेलेला म्हातारा घोडा जेव्हा साक्ष देत होता, तेव्हा ती साक्ष केवळ प्राण्यांची उरली नसावी. याच संग्रहातील ‘सार्झां’ या कथेत फ्रेंच सैन्यातून परतलेला व आपल्या गावाला ‘सुधारू’ पाहणारा सार्जंट अखेर भ्रमिष्ट होतो, हे या संदर्भात लक्षणीय होय.

७. दख्खनमधील प्रतिरूप

ही कथा मराठी वाचकाला अपरिचित नाही. पिंजऱ्यातून सोडवणाऱ्या ब्राह्मणालाच खाऊ पाहणारा वाघ आणि त्याला पुन्हा पिंजऱ्यात शिरावयास लावणारा कोल्हा, हे तिचे भारतीय रूप. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात दोन्ही रूपे १५५ क्रमांकाच्या एकाच कथाप्रकारात मोडतात. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांची कन्या मेरी फ्रियर हिने १८६८ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ओल्ड डेक्कन डेज’ या संग्रहात ती आहे. तेथे वड, उंट, बैल, गरुड, मगर व कोल्हा असे सहा पंच आहेत. म्हाताऱ्या बैलाची तक्रार सेनेगलच्या म्हाताऱ्या गाईच्या तक्रारीशी जुळते, आणि तिकडे आरोपी असलेली मगर येथे साक्षीदार आहे.

साम्य कथेपुरते नाही, नोंदीच्या परिस्थितीतही आहे. या संग्रहातील कथांचा मुख्य स्रोत ॲना लिबेराता डिसूझा ही फ्रियर कुटुंबाची आया होती. रोजे व फ्रियर या दोन्ही संग्रहांत सांगणारी व्यक्ती जित समाजातील, तर लिहिणारी राज्यकर्त्यांच्या वर्तुळातील आहे. फरक आहे तो पुढील वाटचालीत. मराठी मुलाला ही कथा पुढे मराठी पुस्तकातही वाचावयास मिळाली. सेनेगलच्या मुलाला ती शाळेत दीर्घकाळ फ्रेंचमध्येच मिळाली.

८. स्वातंत्र्योत्तर काळ

१९६० मध्ये सेनेगल स्वतंत्र झाला व सेंघोर पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. फ्रेंच ही राजभाषा राहिली. १९७१ मध्ये वोलोफसह राष्ट्रीय भाषांच्या लेखनाचे नियम शासनाने ठरवले. त्याच वर्षी कादंबरीकार उस्मान सेंबेन व भाषातज्ज्ञ पाते जान्य यांनी ‘कद्दू’ हे वोलोफ नियतकालिक सुरू केले. या भाषेचे लेखन आता राज्यव्यवहाराचा भाग झाले आणि वादही उभे राहिले. सेंबेन यांच्या ‘चेद्दो’ (१९७७) या चित्रपटाच्या नावात ‘द’ एक की दोन, या शुद्धलेखनाच्या मुद्द्यावरून त्यावर बंदी आली. ल्योकला पाठ्यपुस्तकात आणणारा लेखकच या काळात राष्ट्राध्यक्ष होता, यातील विपर्यास दुर्लक्षिण्याजोगा नाही. आफ्रिकी भाषेवर प्रेम करणे आणि ती तिच्या बोलणाऱ्यांच्या हवाली करणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेच त्यातून दिसते.

शेजारच्या देशांनी निराळ्या वाटा धरल्या. गिनीमध्ये सेकू तुरे यांच्या राजवटीत १९६८ ते १९८४ पर्यंत राष्ट्रीय भाषांतून शालेय शिक्षणाचा प्रयोग झाला; तुरे यांच्या निधनानंतर तो सोडून देण्यात आला. मालीच्या २०२३ च्या संविधानाने फ्रेंचचा राजभाषेचा दर्जा काढून राष्ट्रीय भाषांना तो दिला व फ्रेंच केवळ कामकाजाची भाषा ठरली. बुर्किना फासोने २०२४ च्या आरंभी तेच पाऊल उचलले. दरम्यान, मूळ भाषा व फ्रेंच अनुवाद समोरासमोर छापणारे संग्रह निघत आले आहेत. अशा पुस्तकात फ्रेंच शिकणारा वाचक एका डोळ्याने दुसरी भाषाही पाहतो आणि आपण वाचतो ते भाषांतर आहे, याचा त्याला विसर पडत नाही.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) फ्रेंच शिकणाऱ्यांसाठीची पश्चिम आफ्रिकी लोककथा तीन टप्प्यांतून घडली : अधिकाऱ्याने केलेली नोंद, शाळेने केलेला वापर आणि आफ्रिकी लेखकाने केलेली पुनर्रचना. प्रत्येक टप्प्यात ‘शिकणारा’ वेगळा आहे व त्यानुसार कथेचे प्रयोजनही वेगळे आहे.

(२) वसाहतीच्या शाळेने मातृभाषेला दारातून बाहेर काढले. परंतु वाचनाच्या सोयीसाठी तिची कथा आत घेतली. दिओप, साजी व सेंघोर यांनी त्याच वाटेने मातृभाषेतील शब्दही परत आणले. द्विभाषिक पात्रनामे ही या पुनरागमनाची खूण होय.

(३) पाठ्यपुस्तकी तात्पर्यापेक्षा मूळ कथा अधिक गुंतागुंतीची आहे. गाय व घोडा यांच्या साक्षी शिकवताना वगळल्या किंवा केवळ पुनरुक्तीचा सराव म्हणून वापरल्या, तर कथेतील नैतिक प्रश्नच नाहीसा होतो.

(४) म्हणून ज्या वर्गांत आज फ्रेंच शिकताना या कथा वाचल्या जातात, तेथे विद्यार्थ्याला किमान इतके सांगितले जावे, की ल्योक हा शब्द फ्रेंच नाही, ही कथा रात्रीची आहे आणि ती आधी कोणीतरी मोठ्याने सांगितलेली आहे. एवढ्याने व्याकरणाचा तास लांबणार नाही. ज्यांच्याकडून कथा घेतली, त्यांचे देणे मात्र काही अंशी फिटेल. मोबदल्याविषयीची कथा शिकवताना एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये.